पोळ्याला सोडलेले बेडूक

गजू,

परवा तुझी तेरवी झाली. बुंदी कडक झाली होती, तू असतास तर आचाऱ्याला तिथंच बोलला असतास. कॉलेजवाल्यांनी स्मरणिकेसाठी माझ्याकडून दोन पानं लिहून घेतली. जन्म, शिक्षण, प्राणिशास्त्र विभागासाठी घेतलेले कष्ट, विद्यार्थीप्रिय, निगर्वी, असं सगळं दिलं. 'निगर्वी' लिहिताना मला हसू आलं. बेडकांच्या बाबतीत तुझ्याइतका ताठ माणूस अख्ख्या बुलडाण्यात नव्हता. त्या दोन पानांत मला जे लिहायचं होतं ते कुठंच आलं नाही. दवाखान्यात तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी गप्प बसलो.

तू विचारलंस, "मधू, खरं सांग बे. मीच आनली का?"

सिस्टर तेव्हा सलाइन बदलत होती. तिला वाटलं, घरून आणलेल्या कुठल्या तरी वस्तूबद्दल चाललंय. "काय पाहिजे काका, मी देते," असं ती बिचारी म्हणाली. तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मी खिडकीतून खाली लावलेल्या मोटारसायकली बघत बसलो.

'आणली' म्हणजे बुरशी. बेडकांची बुरशी. दोन निवृत्त प्राध्यापकांच्या उरल्यासुरल्या आयुष्याचा केवढा तरी भाग या एका गोष्टीनं खाल्ला, हे कोणाला सांगितलं तर हसेल. मीही सुरुवातीला हसलोच होतो.

विच्छेदन बंद करा असा वरून आदेश आला त्या वर्षी तुमच्या प्रयोगशाळेमागच्या हौदात पोतंभर बेडूक उरले होते. मोठे, हिरवट-पिवळे, पाठीवर रेघ असलेले. त्या जातीचे आपल्याकडेही होते, पण हे इथले नव्हते. पुरवठा करणारा माणूस ते कुठून तरी लांबून ओल्या पोत्यात घालून एसटीनं पाठवायचा, आणि कुठून ते कोणी कधी विचारलं नव्हतं. फेकून द्या, असं प्राचार्यांचं म्हणणं. तू भडकलास. "फेकून काऊन देऊ? याइच्या बापजाद्यानं आपल्या पोराइले शिकवलं इतकी वर्षं." मग तुला पोळ्याची कल्पना सुचली. बैलांना त्या दिवशी जू नसतं, अंघोळ असते, पुरणपोळी असते. कॉलेजची चाकरी केलेल्यांनी काय घोडं मारलं?

तुझ्या गावी, धाडच्या रस्त्याला, गावाबाहेरच्या पाझर तलावावर आपण पोळ्याच्या दुपारी गेलो. पोत्याचं एक टोक तू धरलंस, दुसरं मी. वहिनींनी पोत्यालाच हळदकुंकू लावलं आणि स्वतःच हसत सुटल्या. गावात तोरणाखाली बैल उभे होते, डफडं वाजत होतं, आणि इकडे तू एकेक बेडूक दोन्ही हातांत घेऊन "जाय बाबा, सुटला तू" म्हणत पाण्यात सोडत होतास. इतकं खूश मी तुला तुझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. परत येताना तू स्कूटरवर मोठमोठ्यानं गात होतास, सगळं बेसूर.

काही वर्षांनी तू ते वाचलंस. पनामाच्या डोंगरांत, ऑस्ट्रेलियाच्या ओढ्यांत बेडकांच्या जातीच्या जाती नाहीशा झाल्या होत्या. कातडीवर बसणारी, डोळ्यांना न दिसणारी बुरशी. बेडूक पाणी तोंडानं पीत नाही, कातडीनं पितो, क्षारही तिथूनच घेतो. ती कातडीच बिघडली की रक्तातले क्षार उतरतात आणि एक दिवस त्याचं हृदय बंद पडतं. तू मला ते वाचून दाखवत होतास आणि मी समोर बसून फुटाणे खात होतो. पुढं लिहिलं होतं की ती पसरली ती माणसांनी बेडूक इकडून तिकडे नेले म्हणून. खायला, पाळायला, प्रयोगशाळांना. 'प्रयोगशाळांना' या शब्दापाशी तू थांबलास. चष्मा काढलास, पुसलास, परत घातलाच नाहीस.

"मधू," तू म्हणालास, "आपलं पोतं."

त्या दिवसापासून तू पहिल्यासारखा राहिला नाहीस. लोकांना फक्त तुझी फवाऱ्याची बाटली दिसली. एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जायचं तर आधी बूट ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवायचे, मग सुकवायचे, मगच पाऊल टाकायचं. द्रावण मी करून द्यायचो. किती तीव्र हवं यावर आपण एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी भांडलो. लोणारला गेलो होतो तेव्हा तू वर गोड्या पाण्याच्या धारेपाशी बेडूक शोधत होतास आणि मी खाली सरोवराचं खारं पाणी बाटलीत भरत होतो. वर आलो तर तू बुटांवर फवारा मारत होतास आणि एक म्हातारबुवा तुझ्याकडे एकटक बघत उभे. "कोनता नवस हाय सर हा?" त्यांनी विचारलं. तू त्यांना खाली बसवून सगळी बुरशी समजावून सांगितलीस. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे बेडकाले नायटा झाला म्हना की." तू इतका हसलास की तुला ठसका लागला. घरी येईपर्यंत तेच वाक्य घोळवत होतास.

असे दिवस होतेच. ते नव्हते असं मी लिहिणार नाही.

पण तलाव मुका होत गेला. आधी पावसाळ्यात तुझ्या गावात शिरलं की तलावाच्या दिशेनं एवढा गोंगाट यायचा की फोनवर बोलता यायचं नाही. मग तो कमी झाला, मग एखाद-दुसरा आवाज, आणि मग नुसतं पाणी. तू बुरशी म्हणायचास. मी शेतातला फवारा म्हणायचो. तुझ्या तलावाच्या तिन्ही बाजूंनी सोयाबीन आहे, तणनाशकाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर पडलेल्या असतात, आणि फवारणीचे पंप लोक त्याच तलावात खंगाळतात. मी तुला पुरावे द्यायचो. तू म्हणायचास, "तू केमिस्ट्रीवाला. तुले सगळीकडं औषधच दिसते."

एकदा माझाही तोल गेला. मी म्हणालो, "आन् तुले जिकडं तिकडं तुझं पोतंच दिसते."

तू उठून गेलास. पुढं बरेच दिवस फिरायला आला नाहीस. मग एका संध्याकाळी फाटकाशी येऊन उभा राहिलास. "चलतं का? का बसून राह्यतं म्हातारीवानी?" विषय दोघांनीही काढला नाही.

गजू, मी तो वाद जिंकायला घालत नव्हतो. फवाऱ्यानं मेले असं ठरलं असतं तर तू सुटला असतास. एवढंच होतं. मला खरोखर काय वाटत होतं हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, अजूनही नाही. हे तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू माझं एकही म्हणणं पुन्हा मनावर घेतलं नसतंस, म्हणून बोललो नाही.

आणि मी तुझं केवढं देणं लागत होतो, तेही मी कधी तोंडानं बोललो नाही. सुशीला गेली तेव्हा घरात येणारा प्रत्येक जण मला धीर धरा म्हणत होता. तू एकटा तसं काही म्हणाला नाहीस. दिवेलागणीला आलास, मला चप्पल घालायला लावलीस आणि पाण्याच्या काठावर नेऊन बसवलंस. "हा कोनता?" तू विचारायचास. मी म्हणायचो, मला काय माहीत. "आईक ना बे नीट." मग दुसरा, मग तिसरा. रोज. मला रडायला वेळच मिळू नये असा तुझा बेत असावा. एकदा मी अंधारात चार आवाज ओळीनं बरोबर ओळखले आणि तू माझ्या पाठीवर अशी थाप मारलीस की मी पाण्यात पडता पडता राहिलो. त्या रात्री बायको गेल्यानंतर पहिल्यांदा मला झोप लागली. पुढं तेच आवाज एकेक करून गेले आणि ते गेलेलं मला कळलं तेही तूच कान दिलास म्हणून.

गेल्या पावसाळ्यात मध्येच मोठी उघडीप पडली तेव्हा तुझ्या गावातल्या बायांनी पावसासाठी धोंडी काढली. मुसळाला कडुनिंबाचा पाला बांधायचा, त्यात जिवंत बेडूक अडकवायचा, घरोघर जायचं आणि त्याच्यावर पाणी ओतून घ्यायचं. बेडकाचे हाल करू नका म्हणून तू वर्षानुवर्षं डोकं फोडलंस, कोणी ऐकलं नाही. त्या दिवशी आपण गावीच होतो. बाया तुझ्या दारात आल्या आणि पुढची म्हणाली, "सर, ऐकलं बरं आमी तुमचं. बेडूक नाई लटकवला. कुटं भेटतच नाई, मातीचा केला." मागच्या हसल्या. "आता तरी खुश ना सर?" असं एकीनं विचारलं. वहिनींनी तांब्या भरून तुझ्या हातात दिला. तू पाणी ओतलंस. चिखलाचा बेडूक पहिल्याच धारेला सुटला आणि कडुनिंबाच्या पाल्यावरून खाली ओघळला. तू रिकामा तांब्या घेऊन तसाच उभा राहिलास, बाया पुढच्या घरी गेल्या तरी.

त्यानंतर तू दीपालीला फोन केलास. तुझी विद्यार्थिनी, आता दूरच्या एका संस्थेत बेडकांच्या आजारांवर काम करते. परवानग्या तिनं काढल्या, कापसाच्या काड्या आणि नळ्या तिनं आणल्या, आणि पाऊस परत आल्यावर आपण तलाव पिंजून काढला. कसेबसे मूठभर बेडूक मिळाले, तेही लहान, काठाच्या दगडांखालचे. पोत्यातल्यांसारखा मोठा एकही नाही. दर बेडकाला नवा हातमोजा. तू बेडूक धरायचास, ती काडी पोटावरून आणि मांड्यांवरून फिरवायची, मी नळीचं झाकण लावायचो. माझी चेष्टा करायचंही तुला सुचत नव्हतं. बेडूक परत पाण्यात सोडताना तू काहीच बोलला नाहीस. वेळ लागेल, असं दीपाली सांगून गेली.

मग तू वाट बघत राहिलास आणि आजारी पडलास. पाय सुजले, दम लागायला लागला. हृदय पुरेसं काम करत नाही, रक्तातलं सोडियम उतरलंय, असं डॉक्टर म्हणाले, आणि तू, ज्याला उशीवरून मान उचलता येत नव्हती, तू हसायला लागलास. डॉक्टर गोंधळले. ते गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. "आईकलं का? क्षार उतरले. बेडकावानी मरून राह्यलो बे मी."

"मुकाट्यानं पडून राहा," मी म्हणालो.

"हाव," तू म्हणालास. आणि थोड्या वेळानं तो प्रश्न विचारलास. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण तू थांबला नाहीस. "तुले काय वाट्टे, तेवढंच सांग. पुरावा नको मांगू."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं की पोत्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, तू आणली असशील तर आपण दोघांनी आणली. हे वाक्य मला घरी पोहोचल्यावर सुचलं. उद्या सांगू म्हटलं. सकाळी मी गेलो तोवर तुझी कॉट रिकामी केली होती.

तुला गावी नेलं. सगळं उरकल्यावर माणसं तलावावर हातपाय धुवायला आली. श्रावणाचे दिवस, तलाव काठोकाठ भरलेला, गवत कमरेएवढं. मी एका बाजूला दगडावर बसलो आणि कान लावून राहिलो. तू शिकवलं होतंस तसं, श्वास अर्धा धरून. काही नाही, गजू. एकसुद्धा नाही. पलीकडच्या काठावर एक जण पाठीवरचा पंप उतरवून खंगाळत होता. एरवी मी त्याच्या अंगावर ओरडलो असतो. माझ्यात तेवढंही उरलं नव्हतं.

काल दुपारी मी तुझ्या घरी होतो. वहिनी तेरवीला मागून आणलेली भांडी नावं बघून वेगळी करत होत्या. तुझा फोन त्यांनी माझ्याकडे देऊन ठेवलाय, त्यांना ती घंटी सहन होत नाही. तो वाजला. उचलल्याबरोबर पलीकडून आवाज आला, "सर! मी जंगलात होते इतके दिवस, रेंजच नव्हती. आपल्या नमुन्यांचं कळलं!"

मी अंगणात आलो. म्हटलं, "दीपाली, मी मधुकरकाका."

तिला सांगितलं. ती रडली. मी तिला रडू दिलं आणि मग विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"सापडली काका," ती म्हणाली. "थोडीच आहे, पण आहे."

"बेडूक तिच्यामुळंच गेले?"

"तसं नाही म्हणता येत. आपल्या देशात ती कुठं कुठं सापडते, आणि बेडूक तिच्यामुळे मरताना सहसा दिसत नाहीत. फवारणीनं आधीच खचलेल्या बेडकांवर तिचा काय परिणाम होतो, तेही नीट माहीत नाही."

"आली कुठून?"

"एवढ्याशा नमुन्यांवरून नाही कळणार. आधीपासूनही असेल. आणखी बेडूक लागतील. यंदा पुन्हा घेता येतील का?"

मी तिला म्हटलं, बघतो. कुठं बघणार होतो, देव जाणे.

आत आलो तर वहिनी हातातली परात तशीच धरून उभ्या होत्या. "दीपालीचा होता ना भाऊजी? बेडकाचं काई समजलं का?"

मी फोन खिशात ठेवला. त्या खाली बसल्या. "शेवटी शेवटी त्याइनं मलेबी तेच इचारलं. म्या काय सांगनार होती? म्या तं हातानं कुंकू लावलं होतं त्या पोत्याले." आणि परातीवरचं नाव अंगठ्यानं घासत राहिल्या. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे ओझं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे. तुम्ही दोघं एका घरात, एका ताटात जेवत, तेच ओझं वेगवेगळं वाहत होता आणि मी त्या घरात येऊन तणनाशकावर व्याख्यानं देत होतो.

"काई नाई निघालं वहिनी," मी म्हणालो. "सगळं साफ हाय. बुरशी नाई."

"खरंच?"

"आत्ता सांगितलं तिनं."

त्या उठल्या. परात बाजूला ठेवली, पदर नीट केला आणि तुझ्या फोटोपुढं जाऊन उभ्या राहिल्या. तुझ्याशी त्या एरवी जशा बोलायच्या, थोडं रागावून, तशाच बोलल्या. "ऐकलं का हो? काई नव्हतं म्हंते भाऊजी. उगाच जीव जाळून घेतला तुमी." मग रडल्या, पण हे रडणं तेरा दिवसांतल्या रडण्यापेक्षा वेगळं होतं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला, स्वतःसाठीही.

त्यांना मी खरं कधीच सांगणार नाही. पण तुझ्याशी मी आयुष्यभर भांडलो ते खरं सोडून भांडलो नाही, आता कसं सोडू? वहिनींनी फोटोपुढं सांगितलं ते धरून बसू नकोस. बुरशी आहे. तुझ्या तलावात आहे. पोत्यातून आली की आधीच होती, तिनं मारले की मी म्हणायचो त्या फवाऱ्यानं, हे आता कोणालाच कळायचं नाही, कारण ज्यांच्या कातडीवरून कळलं असतं ते बेडूक तिथं नाहीत. मला काय वाटतं, तेवढंच सांग म्हणाला होतास. मला काहीच वाटत नाही रे. बसतो, उठतो, संध्याकाळ झाली की चप्पल घालतो आणि जायला जागा नसते.

आणि एक राहिलं. दीपालीनं 'सापडली' म्हटलं त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं, तेही तुला सांगून टाकतो. बरं झालं गजू गेला, असं आलं.